तारीख आधी कळवा : ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवणाऱ्या विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
ऑनलाइन व दूरस्थ पद्धतीने पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवणाऱ्या विद्यापीठांचे माननीय कुलगुरू, परीक्षा विभागांचे संचालक आणि दूरशिक्षण केंद्रांचे प्रमुख यांस,

विषय : नोकरी करून शिकणाऱ्यांच्या परीक्षांच्या तारखा आणि नोंदणीची पद्धत याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी भांडुपला राहते. फोर्टमधल्या एका खाजगी कंपनीच्या हिशेब विभागात सोळा वर्षे नोकरी करते आहे आणि गेले दीड वर्ष ऑनलाइन पद्धतीने अर्थशास्त्रात एम. ए. करते आहे. बी. कॉम.च्या निकालानंतर पंधरा दिवसांत नोकरी लागली, घरात तेव्हा ती हवीच होती, आणि पुढच्या शिक्षणाचा विषय जो बाजूला पडला तो मुलगी दहावीला जाईपर्यंत तसाच पडून राहिला. आपण ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले नसते तर तो कायमचाच राहिला असता, ही जाणीव ठेवूनच पुढचे सारे लिहिते आहे. कोणा एका विद्यापीठाविरुद्ध तक्रार नोंदवणे हा या पत्राचा हेतू नाही. त्यासाठी तक्रार निवारण कक्ष आहे, आणि तिथून मिळालेला तक्रार क्रमांक मी अजून जपून ठेवला आहे.

माझे म्हणणे एकच आहे. नोकरी करणारा विद्यार्थी आपल्याकडे दोन प्रकारचे शुल्क भरतो : एक पैशांचे आणि दुसरे वेळेचे. पैशांच्या शुल्काची पावती आपण तत्काळ देता, आणि ते भरायला एक दिवस उशीर झाला तरी विलंब शुल्क लावता. वेळेच्या शुल्काची मात्र आपल्या दप्तरी कुठेच नोंद होत नाही, आणि म्हणूनच ते वाया गेले तर त्याची भरपाई कोणी करायची, हा प्रश्नही कोणाला पडत नाही.

गेल्या सत्राची गोष्ट सांगते. परीक्षेचे वेळापत्रक पहिल्या पेपरच्या नऊ दिवस आधी आले. चार पेपर, चारही कामाच्या दिवशी, आणि त्यातला दुसरा २० तारखेला. ज्यांचा हिशेबाच्या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे की ७ तारीख टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) भरण्याची, ११ तारीख जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची आणि २० तारीख जीएसटीआर-३बी या जीएसटी भरण्याच्या मासिक विवरणपत्राची असते. या तीन दिवशी आमच्या विभागात कोणी रजेचा अर्ज पुढे केला तर साहेब आधी अर्जाकडे आणि मग अर्जदाराकडे बघतात. तरीही मी रजा मिळवली. त्याच्या बदल्यात १९ तारखेला रात्री सव्वाआठपर्यंत बसून सगळे आकडे जुळवले, खरेदीच्या बिलांतले फरक मिटवले आणि सकाळी फक्त विवरणपत्र दाखल करायचे काम राहील अशी व्यवस्था करून ते सहकाऱ्याच्या हाती सोपवले. लोकलमध्ये महिलांच्या डब्यात चौथ्या सीटवर अर्धवट टेकून मी टिपणे वाचत होते. घाटकोपर गेले आणि मोबाइलवर संदेश आला : तांत्रिक कारणास्तव उद्याचा पेपर पुढे ढकलण्यात येत आहे, सुधारित तारीख यथावकाश कळवण्यात येईल.

'यथावकाश' हा शब्द आपल्या परिपत्रकांत फार सहज येतो. तो वाचणाऱ्याच्या पोटात काय होते, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी साहेबांपुढे उभे राहून रजा मागितली आहे त्यालाच कळेल. मंजूर झालेली रजा मी दुसऱ्या दिवशी रद्द करू शकत होते, नाही असे नाही. पण ज्या सहकाऱ्याने माझ्यासाठी स्वतःचे काम मागे ठेवले होते त्याला काय सांगायचे, आणि तीच रजा पुन्हा कोणत्या तोंडाने मागायची? सुधारित तारीख कळली ती पेपरच्या तीन दिवस आधी. त्या पेपरला मी बसले, उत्तीर्णही झाले. तक्रार गुणांची नाही.

आता रजांचे गणित मांडते, कारण ते मांडल्याशिवाय आमची अडचण ही निव्वळ कुरकूर वाटेल. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांसाठी जो २०१७ चा अधिनियम आहे, त्यानुसार कर्मचाऱ्याला वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतात. त्या एकदम हातात येत नाहीत, तिमाहीगणिक खात्यात जमा होतात, आणि वर्षअखेर शिल्लक राहिल्या तर बुडतात. माझ्या अभ्यासक्रमात एका सत्राला चार पेपर, वर्षाला दोन सत्रे, म्हणजे आठ पेपर. सगळे पेपर कामाच्या दिवशी आले तर वर्षाच्या आठही रजा परीक्षेत संपतात, आणि तिमाहीला दोन या हिशेबाने एका सत्राच्या चार पेपरांना दोन तिमाहींच्या रजा लागतात. मुलगी तापाने फणफणली, सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायचे झाले, गॅसच्या जोडणीसाठी माणूस येणार असला, तर त्यासाठी काही उरत नाही. उरते ती अर्जित रजा, वीस दिवस काम केल्यावर एक दिवस या दराने साठणारी. भांडुपच्या आमच्या इमारतीत निम्म्याहून अधिक घरे कोकणातली आहेत. ती रजा गणपतीला गावी जाण्यासाठी राखून ठेवलेली असते आणि तिला हात लावायचा नाही, असा अलिखित नियम घरोघर पाळला जातो. एक पेपर ऐनवेळी पुढे गेला की या सगळ्या रचनेतली एक वीट निसटते.

तारखा आधी ठरवता येत नाहीत, असे उत्तर मला दूरध्वनीवर मिळाले होते. ते मला पटत नाही. जीएसटीची २० तारीख देशभरातल्या व्यापाऱ्यांना वर्षभर आधीपासून ठाऊक असते. ती कधी पुढे जाते, पण गेली तर तशी रीतसर अधिसूचना निघते. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी उघडत असे. ज्या गाडीने आम्ही ६० दिवसांनी चिपळूणला उतरणार, तिचे तिकीट आज काढता येते. पण तोंडावर आलेला माझा दुसरा पेपर कोणत्या दिवशी आहे, हे मात्र सांगता येत नाही. मुंबईत राहणाऱ्याला मुसळधार पावसामुळे पेपर पुढे गेला याबद्दल कुरकूर करण्याचा अधिकारच नाही, निवडणुकीमुळे गेला तर तेही समजण्यासारखे आहे. प्रश्नपत्रिका वेळेत तयार झाली नाही, आधीच्या सत्राचा निकाल रखडला, दोन विभागांची परीक्षा एकाच दिवशी आली, ही कारणे मात्र पावसासारखी आभाळातून पडत नाहीत.

म्हणून विनंती अशी की सत्राच्या पहिल्या दिवशीच परीक्षेच्या तारखा जाहीर कराव्यात, आणि ते अगदीच अशक्य असेल तर निदान ६० दिवस आधी. त्यानंतर आपत्तीखेरीज बदल करू नये, आणि करावाच लागला तर ज्याला नवी तारीख सोयीची नाही त्याला तो पेपर पुढच्या फेरीत, कोणतेही शुल्क न घेता आणि गुणपत्रिकेवर 'अनुपस्थित' असा शिक्का न मारता देता यावा. हा शिक्का लहान वाटतो. माझ्या एका मैत्रिणीला मुलाखतीत त्यावरूनच विचारले गेले, की त्या वेळी आपण अभ्यास सोडून दिला होता का. त्या वेळी ती प्रसूतीसाठी रुग्णालयात होती.

यापुढचा मुद्दा तारखांच्याच पोटातला आहे. आपल्या माहितीपत्रकांत 'नोकरदारांसाठी सोयीचा' असे शब्द असतात. सोय म्हणजे नेमके काय, हे एकदा आकड्यांत पाहू. दूरस्थ शिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. माझा अभ्यासक्रम ८० श्रेयांकांचा, म्हणजे २४०० तासांचा आहे. दोन वर्षांचे १०४ आठवडे. आठवड्याला २३ तास झाले. सकाळी पाचला उठून डबे करून, आठ वाजताची लोकल पकडून, संध्याकाळी साडेसातला घरी परतणाऱ्या बाईने हे २३ तास कुठून आणावेत? मी प्रामाणिकपणे मोजले आहे : रोज रात्री दीड तास, शनिवारी अर्धा दिवस कामावर असल्यामुळे फार काही नाही, आणि रविवारी चार-साडेचार तास. एकूण बारा तासांच्या आसपास. हा आकडा वाईट नाही. २४०० तासांना बाराने भागले तर २०० आठवडे येतात, म्हणजे चार वर्षांना थोडे कमी. पदवी माझ्या आवाक्यात आहे, फक्त ती दोन वर्षांची नाही, चार वर्षांची आहे.

चार वर्षांची मुभा आपण देताही. अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मूळ मुदतीच्या दुप्पट कमाल मुदत असते. पण ती मुभा मागे पडलेल्यांसाठीची आहे, आधीच ठरवून सावकाश चालणाऱ्यांसाठीची नाही. मला पहिल्या सत्रात दोनच विषय घ्यायचे होते. अर्जात तसा पर्यायच नव्हता. चार विषयांचे शुल्क भरा, चारही विषयांच्या परीक्षेला नाव लावा, दोन देऊ नका, पुढे त्यांचे पुनर्परीक्षा शुल्क भरा, असा मार्ग मला मदतकक्षातल्या मुलीने अगदी आपुलकीने समजावून सांगितला. अर्थशास्त्राच्या पहिल्याच घटकात आम्हाला संधीखर्च शिकवतात; एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते तिची किंमत. तो घटक माझा पाठ आहे.

ही अडचण नियमांत अडकलेली असेल असे मला वाटत नाही. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम २०२१ मध्ये आले, आणि तिथे जमा झालेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत वापरता येतात. श्रेयांक साठवण्याची पेढी उघडली आहे, पण त्यात थोडेथोडे जमा करू द्यायला शाखा तयार नाही, अशी आजची स्थिती आहे. जितके विषय तितकेच शुल्क, आणि दर सत्राला किती विषय घ्यायचे हे विद्यार्थ्याने ठरवायचे, एवढी मोकळीक दिली तर अर्धवट सोडून जाणाऱ्यांची संख्या कमी होईल, असे मला तरी आतून वाटते. आमच्या तुकडीचा जो गट मोबाइलवर आहे, त्यातले कितीतरी जण पहिल्या सत्रानंतर बोलायचेच थांबले. अभ्यास झेपला नाही म्हणून नव्हे. त्यांचे शेवटचे संदेश रजेबद्दलचे आहेत.

परीक्षेच्या जागेबद्दल लिहायचे टाळणार होते, कारण त्यात घरातले उघड करावे लागते. पण टाळले तर आपल्याला चित्र पूर्ण दिसणार नाही. आमचे घर २६९ चौरस फुटांचे आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत तेव्हा तेवढेच मिळत असे, आता नव्या इमारतींत ३०० मिळते. माझे यजमान एका रुग्णालयात तंत्रज्ञ आहेत आणि महिन्यातले दहा दिवस त्यांना रात्रपाळी असते. घरून द्यायच्या देखरेखीखालच्या परीक्षेचा पेपर सकाळी दहाला होता. ते सव्वाआठला आले, चहा घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. सासूबाई आणि मुलगी आधीच शेजारी जाऊन बसल्या होत्या. दहाला पाच मिनिटे असताना पडद्यावर सूचना आली, की लॅपटॉप हातात घेऊन खोली चारही बाजूंनी दाखवा. मी दाखवली : देव्हारा, शिलाई मशीन, दोरीवरचे कपडे, आणि पांघरूण ओढून झोपलेले यजमान. 'खोलीत दुसरी व्यक्ती आढळली' असा इशारा आला. त्यांना उठवावे लागले. उशी काखेत घेऊन ते बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बसले आणि भिंतीला टेकून तीन तास तिथेच पेंगत राहिले. समोरच्या मावशींनी त्यांना हळूच विचारले म्हणे, की भांडण झाले का?

आत मला आणखी दोन इशारे मिळाले. एक, कच्चे गणित करण्यासाठी मी मान खाली घातली म्हणून, आणि दुसरा, खाली भंगारवाला ओरडला तो आवाज माझ्या खोलीतला समजला गेला म्हणून. चौथ्या इशाऱ्याला पेपर बंद पडतो असे आधीच बजावलेले असल्यामुळे, शेवटचा एक तास मी उत्तरांपेक्षा खिडकीकडे जास्त लक्ष देऊन काढला. कॉपी रोखायला हवी, याबद्दल माझे दुमत नाही. ती रोखली नाही तर आमच्याच पदवीची किंमत जाते. पण स्वतंत्र खोली आणि तिला बंद होणारे दार ही मुंबईत पात्रतेची अट होऊ शकत नाही. केंद्रावर संगणकावर परीक्षा घेण्याचा मार्ग नियमांना मान्य आहेच. शहरातल्या महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा रविवारी रिकाम्या असतात. ज्याला घरून द्यायची त्याने घरून द्यावी, ज्याला नाही त्याला आपल्याच रेल्वेमार्गावरचे केंद्र निवडता यावे. आपल्याच मार्गावरचे, हे शब्द मी मुद्दाम लिहिते, कारण रविवार म्हटला की मेगाब्लॉक आला, आणि भांडुपच्या माणसाला अकरा वाजता पनवेलला पोहोचायला सांगणे म्हणजे काय, हे ज्याने कुर्ल्याच्या पुलावर उभे राहून उद्घोषणा ऐकली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

थेट तासांबद्दल थोडक्यात. ते संध्याकाळी साडेसहाला असतात, त्या वेळी आमच्यापैकी बहुतेक जण गाडीत किंवा स्थानकाच्या जिन्यावर असतात. ध्वनिचित्रमुद्रण नंतर मिळते आणि ते चांगले असते, त्यामुळे याचा फार आग्रह नाही. रात्री पावणेनऊनंतर किंवा रविवारी दुपारी एखादा तास झाला तर प्रश्न विचारता येतील, इतकेच. आमच्या सांख्यिकीच्या प्राध्यापिका स्वतःहून रविवारी रात्री तास घेत. समाश्रयण (रिग्रेशन, म्हणजे दोन राशींमधला संबंध मांडण्याची पद्धत) मला कळले ते त्यांच्यामुळे, आणि त्या तासाला उपस्थिती नेहमीच्या तिप्पट असे.

कामकऱ्यांना शिकवण्याची वेळ कामकऱ्यांच्या सोयीने ठरवायची, ही कल्पना आपल्या प्रांतात नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकऱ्या-मजुरांसाठी शाळा काढली तेव्हा ती रात्री भरवली, कारण दिवसा त्यांचे विद्यार्थी कामावर असत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते सकाळचे; तास संपवून मुले कचेरी गाठू शकत. मुंबई विद्यापीठात पत्राने शिक्षण १९७१ पासून आहे, नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ चे. या सगळ्यांत विद्यार्थ्याच्या कामाची वेळ आधी विचारात घेतली गेली आणि तासांची वेळ त्यानंतर ठरली. आता तंत्रज्ञान इतके पुढे गेले आहे की व्याख्यान रात्री दोनलाही ऐकता येते. परीक्षा विभागाचे घड्याळ मात्र अजून त्याच विद्यार्थ्याचे आहे, जो सकाळी अकराला महाविद्यालयाच्या आवारात उभा राहून सूचनाफलक वाचू शकतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार, मान्यताप्राप्त संस्थेतून ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे. आमच्या कंपनीतल्या मनुष्यबळ विभागाला हे मी छापील प्रत दाखवून पटवून दिले, त्याला दोन महिने लागले, आणि ती लढाई माझी होती, आपली नव्हे. मालकाने परीक्षेसाठी रजा द्यावी यासाठी आम्ही मालकाशी बोलू. पण बोलताना हातात काहीतरी कागद लागतो, आणि तो कागद म्हणजे आपले वेळापत्रक.

आमच्या कार्यालयात पुढच्या वर्षीच्या नियोजित रजांचा तक्ता १५ डिसेंबरपर्यंत द्यावा लागतो. घरी नवे कालनिर्णय त्याच सुमारास भिंतीवर लागते आणि त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे, गॅसची नोंदणी, मुलीच्या चाचण्या, यजमानांच्या रात्रपाळ्या अशा खुणा हळूहळू भरत जातात. माझे चौथे सत्र जानेवारीत सुरू होते आहे. त्याच्या चार पेपरांच्या तारखा आपण १५ डिसेंबरपूर्वी कळवाव्यात, म्हणजे मला त्या आधी कालनिर्णयावर आणि मग साहेबांच्या तक्त्यात लिहिता येतील. २० तारीख तेवढी वगळावी.

कळावे,
आपली नम्र,
एम. ए. (अर्थशास्त्र), भाग दोनची एक नोकरदार विद्यार्थिनी,
भांडुप, मुंबई